फ्यूजनची वीज: हिशोब कुठवर आलाय?

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. अध्यक्षीय भाषणात त्यांनी सांगून टाकलं की येत्या दोन दशकांत फ्यूजनची ऊर्जा नियंत्रित पद्धतीनं मिळवायचा मार्ग सापडेल. पुढच्याच वर्षी ट्रॉम्बेत ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली आणि १९६९ पासून तारापूरची वीज आपल्याला मिळू लागली. अणू फोडून वीज करायचं काम असं मार्गी लागलं. अणू जोडून वीज करायचं भाकीत मात्र सत्तर वर्षं उलटली तरी उधारच आहे.

उधार आहे, पण बुडीत खात्यात टाकावं असंही नाही. गेल्या काही वर्षांत ‘कृत्रिम सूर्य’, ‘अमर्याद स्वच्छ ऊर्जा’ असे मथळे वरचेवर दिसतात. त्यातले बरेचसे खोटे नसतात, अर्धे असतात. उरलेला अर्धा भाग काय असतो, आणि आपल्या लाइट बिलाशी या सगळ्याचा कधी संबंध येईल, ते इथं पाहू.

आधी मूळ गोष्ट. युरेनियमसारखं जड केंद्रक फुटलं की ऊर्जा बाहेर पडते, तशी हायड्रोजनसारखी अगदी हलकी केंद्रकं एकमेकांत मिसळली तरी पडते. दोन्ही वेळा थोडंसं वस्तुमान नाहीसं होतं आणि त्याची ऊर्जा होते. सूर्य हेच करत आलाय. अडचण अशी की दोन्ही केंद्रकांवर धन विद्युतभार असतो, त्यामुळे ती एकमेकांना दूर ढकलतात. ती जवळ यायची तर प्रचंड वेगानं आदळायला हवीत, आणि वेग म्हणजे तापमान. सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश सेल्सियस तापमानावर हे काम चालतं, कारण तिथं गुरुत्वाकर्षणाचा भयंकर दाब आहे आणि सूर्याला कसली घाईही नाही. आपल्याकडे तो दाब नाही. म्हणून पृथ्वीवरच्या यंत्रांना १५ कोटी अंशांच्या आसपास जावं लागतं, सूर्याच्या गाभ्याच्या दहापट.

सगळ्यात सोपी जोडी ड्युटेरियम आणि ट्रिटियम यांची. दोन्ही हायड्रोजनचीच जड भावंडं. ती जुळली की एक हेलियमचं केंद्रक आणि एक सुसाट न्यूट्रॉन बाहेर पडतो. कार्बन यात कुठेच नाही, त्यामुळे धूर नाही की राख नाही. यंत्र बांधायला लागणाऱ्या पोलाद-सिमेंटचा कार्बन धरावा लागेल, पण तो पवनचक्कीलाही लागू आहे.

ड्युटेरियम मुंबईकराला तसा परका नाही. गेटवेवरून मांडव्याची बोट धरली की पलीकडे अलिबागजवळ थळला जड पाण्याचा, म्हणजे ड्युटेरियमवाल्या पाण्याचा, कारखाना आहे. आरसीएफच्या खत कारखान्यातल्या वायूमधून तिथं ड्युटेरियम वेगळा काढतात, कारण आपल्या बहुतेक अणुवीज केंद्रांना जड पाणी लागतं. हे सगळे कारखाने चालवणाऱ्या जड पाणी मंडळाचं मुख्यालय आहे अणुशक्तीनगरला. साध्या पाण्यातही साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतोच, म्हणजे समुद्र आहे तोवर याचा तुटवडा नाही.

आणि इंधन लागतं तरी किती? ड्युटेरियम-ट्रिटियमच्या एका ग्रॅममधून जेवढी उष्णता मिळते तेवढीसाठी साधारण २० टन देशी कोळसा जाळावा लागेल. त्या उष्णतेचा एक-तृतीयांश भाग विजेत बदलला तरी सुमारे ३०,००० युनिट होतात. महिन्याला २५० युनिट वापरणाऱ्या घराची ही दहा वर्षांची वीज झाली. फ्यूजनच्या नावानं लोक एवढे का भारावतात, ते या आकड्यावरून कळतं.

पण १५ कोटी अंशांची वस्तू ठेवायची कशात? एवढ्या तापमानाला अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायूचा प्लाझ्मा होतो. प्लाझ्मा विद्युतभारित असल्यामुळे त्याला चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरता येतं. गोल वळवलेल्या पोकळ नळीसारखं पात्र, भोवती ताकदवान चुंबक आणि आत भिंतीला न टेकता फिरणारा प्लाझ्मा, अशी रचना सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात मांडली. तिला टोकामॅक म्हणतात. दुसरा मार्ग लेझरचा: इंधनाच्या एका चिमुकल्या गोळीवर चहूबाजूंनी इतक्या झटकन ऊर्जा ओतायची की ती फुटून विखुरण्याआधीच आतलं इंधन दाबलं जाऊन जुळेल. चीनच्या ‘ईस्ट’ टोकामॅकनं जानेवारी २०२५ मध्ये प्लाझ्मा १,०६६ सेकंद टिकवला आणि पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या ‘वेस्ट’नं १,३३७ सेकंद. हे विक्रम खरे आहेत आणि मोलाचेही. पण यांपैकी कुठल्याही प्रयोगात ड्युटेरियम-ट्रिटियमचं इंधन जळत नव्हतं. प्लाझ्मा किती वेळ धरता येतो, एवढीच ती परीक्षा होती.

आता हिशोबाकडे येऊ. फ्यूजनच्या बातम्यांतली सगळी गोची इथं आहे.

५ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत १९२ लेझरांनी इंधनाच्या गोळीकडे २.०५ मेगाज्यूल ऊर्जा पाठवली आणि फ्यूजनमधून ३.१५ मेगाज्यूल मिळाली. ‘घातल्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली’ ही बातमी जगभर झाली. आपल्या मीटरच्या भाषेत सांगायचं तर लेझरनं सुमारे ०.५७ युनिट दिलं आणि मिळालं ०.८८ युनिट. पण तेवढा लेझर झोत तयार करायला त्या यंत्रणेनं ग्रिडमधून जवळपास ३०० मेगाज्यूल वीज घेतली होती, म्हणजे ८३ युनिट! शिवाय बाहेर आलेलं ०.८८ युनिट ही उष्णता होती. तिची वीज करायची तर आणखी निम्म्याहून जास्त गळती. वडापावच्या गाडीवाल्यानं फक्त बटाट्याचा खर्च धरावा आणि तेल, गॅस, पाव, पोऱ्याचा पगार, जागेचं भाडं सोडून द्यावं, मग धंदा नफ्यातच दिसणार.

म्हणून तो प्रयोग फसवा होता का? अजिबात नाही. इंधन स्वतःच्या उष्णतेवर जळायला लागतं, हे प्रयोगशाळेत पहिल्यांदाच सिद्ध झालं आणि भौतिकशास्त्रासाठी ते फार मोठं आहे. नंतरच्या प्रयोगांत ही उष्णता ८ मेगाज्यूलच्या वर गेली. पण ते केंद्र मुळात अण्वस्त्रांच्या अभ्यासासाठी उभारलेलं आहे, वीज विकणं हा त्याचा हेतूच नव्हता. वीज केंद्राला सेकंदाला अनेक गोळ्या, दिवसरात्र फोडाव्या लागतील. तिथं एका प्रयोगानंतर दुसऱ्याची तयारी करण्यातच बराच वेळ जातो.

टोकामॅकचा हिशोबही याच पद्धतीनं वाचावा लागतो. प्लाझ्मात ओतलेली उष्णता आणि फ्यूजनमधून मिळालेली उष्णता यांच्या गुणोत्तराला शास्त्रज्ञ ‘क्यू’ म्हणतात. ब्रिटनमधल्या ‘जेट’ यंत्रानं १९९७ मध्ये १६ मेगावॉट दिले, पण त्यासाठी २४ मेगावॉट ओतावे लागले, म्हणजे क्यू ०.६७. बंद व्हायच्या आधी, २०२३ मध्ये, त्याच यंत्रानं ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूलचा विक्रम केला. हे झाले १९ युनिट.

फ्रान्सच्या दक्षिणेला कादाराशला उभारला जाणारा ‘ईटर’ हा यापुढचा टप्पा. युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत असे सात भागीदार. उद्दिष्ट क्यू १०: प्लाझ्मात ५० मेगावॉट ओतायचे, ५०० मिळवायचे. ऐकायला दहापट नफा. पण ते ५० मेगावॉट प्लाझ्मापर्यंत पोचवायला त्याच्या कितीतरी जास्त वीज खर्च होते, चुंबक उणे २६९ अंशांवर थंड ठेवायला वेगळी, पंपांना वेगळी. ईटरच्या अख्ख्या आवाराची विजेची भूक ११० मेगावॉटपासून सुरू होते आणि प्रयोग चालू असताना काही सेकंदांसाठी ६२० मेगावॉटपर्यंत जाते. उलट ५०० मेगावॉट उष्णतेची वीज केलीच, तर जेमतेम पावणेदोनशे मेगावॉट होईल. ईटरमध्ये वीज तयार करायची सोयच ठेवलेली नाही आणि ते योग्यच आहे. तो एक प्रयोग आहे. खऱ्या वीज केंद्राला क्यू वीस-तीसच्या घरात न्यावा लागेल, आणि तोही मिनिटांसाठी नाही, महिनोन्‌महिने.

एवढं लक्षात ठेवलं तरी फ्यूजनच्या बहुतेक बातम्यांतली हवा किती आणि माल किती ते कळतं: छेदात लेझरचा झोत धरलाय, प्लाझ्मातली उष्णता धरलीय, की भिंतीतल्या प्लगमधून घेतलेली वीज?

क्यूइतकीच मोठी, पण मथळ्यांत क्वचित येणारी अडचण म्हणजे ट्रिटियम. ड्युटेरियम समुद्रात आहे. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ नाहीच. तो किरणोत्सारी आहे, त्याचा अर्धायुष्यकाल १२.३ वर्षं, म्हणजे साठवून ठेवला तरी आपोआप कमी होत जातो. आज नागरी वापरासाठी जगात असलेला साठा अवघा २५-३० किलोच्या आसपास, तोही प्रामुख्यानं कॅनडाच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत उपउत्पादन म्हणून तयार झालेला. आणि १,००० मेगावॉट फ्यूजन-उष्णता देणारं एक केंद्र वर्षभर चाललं तर ५५ किलोंहून जास्त ट्रिटियम खाईल. म्हणजे जगाचा सगळा साठा एका केंद्राला सहा महिने.

उपाय कागदावर सुंदर आहे. फ्यूजनमधून सुटणारा न्यूट्रॉन लिथियमवर आदळला की लिथियम फुटून ट्रिटियम तयार होतो. मग प्लाझ्माभोवती लिथियमचा थर द्यायचा आणि यंत्रानं स्वतःचं इंधन स्वतःच पिकवायचं. गणित मात्र फार घट्ट आहे. एका जुळणीत ट्रिटियमचा एक अणू खर्च होतो आणि न्यूट्रॉनही एकच मिळतो. काही न्यूट्रॉन खिडक्यांतून, चुंबकांकडे, पोलादात वाया जाणारच. म्हणून शिसं किंवा बेरिलियम वापरून न्यूट्रॉनांची संख्या वाढवावी लागते आणि तयार झालेला ट्रिटियम झटपट बाहेर काढून पुन्हा वापरावा लागतो. हे पूर्ण चक्र आजवर कुठल्याही यंत्रात चालवून पाहिलेलं नाही. माझ्या मते फ्यूजनची वीज येणार की नाही हे क्यूपेक्षा इथं ठरेल.

त्या न्यूट्रॉनची आणखी एक खोड आहे. फ्यूजनची ८० टक्के ऊर्जा तोच घेऊन जातो, १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी, तारापूरच्या भट्टीतल्या सरासरी न्यूट्रॉनच्या कितीतरी पट जोरात. असा मारा वर्षानुवर्षं झेलणारं पोलाद ठिसूळ होतं, फुगतं, किरणोत्सारी बनतं. कुठला धातू टिकेल हे तपासण्यासाठी स्पेनमध्ये ग्रॅनाडाजवळ एक वेगळंच केंद्र बांधलं जातंय. आतले भाग काही वर्षांनी यंत्रमानवांकरवी बदलावे लागतील आणि तेवढा काळ वीज बंद.

सुरक्षिततेबद्दल मात्र फ्यूजनची बाजू भक्कम आहे. ‘अणू’ शब्द ऐकला की चेर्नोबिल आणि फुकुशिमा आठवणं स्वाभाविक आहे, पण इथं साखळी प्रक्रियाच नाही. पात्रात कुठल्याही क्षणी काही ग्रॅमच इंधन असतं. चुंबक अडखळला की प्लाझ्मा भिंतीला टेकून थंड होतो आणि सगळं थांबतं. यंत्र बिघडेल, खर्च होईल, पण भट्टी हाताबाहेर जाणार नाही. हजारो वर्षं सांभाळावं लागणारं वापरलेलं इंधनही उरत नाही. किरणोत्सारी झालेलं पोलाद साधारण शंभर वर्षांत हाताळण्याजोगं होईल असे धातू निवडायचा प्रयत्न आहे. सांभाळायचा तो ट्रिटियम. हायड्रोजनसारखाच तो धातूतून झिरपतो आणि पाण्यात मिसळतो. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगानं २०२३ मध्ये फ्यूजनसाठी अणुभट्ट्यांचे नियम न लावता कणत्वरकांसारखी सौम्य चौकट लावायचं ठरवलं, ते या फरकामुळेच.

मग आत्ताच एवढी धामधूम का? मुख्य कारण चुंबक. तुलनेनं उच्च तापमानालाही अतिवाहक राहणाऱ्या, म्हणजे विजेला जराही रोध न करणाऱ्या, नव्या पट्ट्यांपासून अमेरिकेतल्या कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्सनं एमआयटीसोबत सप्टेंबर २०२१ मध्ये २० टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षमतेचा मोठा चुंबक चालवून दाखवला. टोकामॅकमध्ये चुंबकीय क्षेत्र दुप्पट केलं तर तेवढ्याच आकारात फ्यूजनची शक्ती साधारण सोळापट वाढू शकते. म्हणजे यंत्र लहान, स्वस्त आणि लवकर. ईटरची रचना या पट्ट्या हाताशी येण्याआधी ठरलेली, म्हणून तो अवाढव्य. त्याचा खर्च सुरुवातीच्या ५ अब्ज युरोंच्या अंदाजावरून २० अब्जांच्या वर गेलाय, आणि २०२४ च्या नव्या वेळापत्रकानुसार संशोधन सुरू होणार २०३४ ला, खरं इंधन भरणार २०३९ ला. कॉमनवेल्थचं ‘स्पार्क’ हे छोटं यंत्र २०२७ मध्ये सुरू करायचं कंपनी म्हणते. हेलियन नावाची दुसरी कंपनी तर मायक्रोसॉफ्टला २०२८ पासून वीज द्यायचा करार करून बसली आहे. ही शेवटची तारीख मला तरी पचत नाही. खासगी पैसा आला की वेग येतो हे खरं, पण गुंतवणूकदारांना दाखवायच्या तारखा आणि वेल्डिंग पूर्ण व्हायच्या तारखा वेगळ्या असतात.

भारत यात नुसता बघ्या नाही. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ टोकामॅक १९८९ मध्ये सुरू झाला, नंतर अतिवाहक चुंबकांचा एसएसटी-१. ईटरला झाकणारं सुमारे ३,८०० टनांचं निर्वात पात्र, साधारण ३० मीटर उंच, हे भारताचं योगदान. मुंबईत मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रोनं ते हजिऱ्याच्या कारखान्यात तुकड्यातुकड्यांनी बनवून फ्रान्सला पाठवलं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) शक्तिशाली लेझर वापरून प्लाझ्माचा मूलभूत अभ्यास चालतो. गांधीनगरच्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये मांडलेल्या आराखड्यात देशी प्रात्यक्षिक केंद्रासाठी २०६० हे साल आहे, क्षमता २५० मेगावॉट.

आता हे साल मुंबईच्या सालाशेजारी ठेवून पाहा. महापालिकेच्या २०२२ च्या हवामान कृती आराखड्यात मुंबईचं नेट झिरोचं उद्दिष्ट २०५० चं आहे. देशाचं २०७० चं. म्हणजे शहराला कार्बनमधून बाहेर पडायचंय ते देशी फ्यूजन येण्याआधीच. उन्हाळ्यात मुंबईची मागणी ४,००० मेगावॉटच्या वर जाते. २५० मेगावॉटचं एक प्रात्यक्षिक केंद्र त्यात कुठे पुरणार?

आणि तोपर्यंत स्पर्धा थांबणार नाही. फ्यूजनची तुलना लोक कोळशाशी करतात, पण २०६० मध्ये तिची गाठ कोळशाशी पडणार नाही. गाठ पडेल ती सौर विजेशी, जिचे दर देशातल्या लिलावांत अडीच रुपये युनिटच्या आसपास आलेत, आणि ती रात्रीसाठी साठवणाऱ्या सह्याद्रीतल्या धरणांशी. भिरा इथं दुपारी पाणी वर चढवून रात्री खाली सोडायची सोय आधीपासून आहे. टाटा पॉवरनं ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार केला तो भिवपुरीला १,००० आणि शिरवट्याला १,८०० मेगावॉटच्या अशाच प्रकल्पांसाठी. एवढी साठवण उभी राहिली तर फ्यूजनला फार महाग राहून चालणार नाही.

तरी एका बाबतीत मुंबईला फ्यूजनसारखं काहीतरी लागेलच. शहराला जागा नाही. बाहेरून वीज आणायची तर वाहिन्या कांदळवनं, खाड्या आणि वस्त्या ओलांडून आणाव्या लागतात. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी पूर्ण व्हायला २०२३ उजाडलं. १२ ऑक्टोबर २०२० ला बाहेरच्या वाहिन्यांवर बिघाड झाला तेव्हा लोकल जिथल्या तिथं उभ्या राहिल्या आणि शहराच्या आत किंवा जवळ वीज तयार होणं किती गरजेचं आहे ते सगळ्यांना कळलं. ट्रॉम्बेचे कोळशाचे संच बंद करायला होणारा उशीर याच भीतीपोटी आहे. थोड्या जागेत, पावसाळ्यातही, रात्रीही चालणारी, धूर न सोडणारी वीज: फ्यूजनचं वर्णन या गरजेला अगदी चपखल बसतं.

ब्रिटननं यातून एक व्यवहारी गोष्ट केली. त्यांच्या ‘स्टेप’ या नियोजित फ्यूजन केंद्रासाठी २०२२ मध्ये नॉटिंगहॅमशायरमधली वेस्ट बर्टन या औष्णिक केंद्राची जागा निवडली, कारण तिथं थंड करायला पाणी आहे, ग्रिडची जोडणी आहे आणि टर्बाइनवर काम केलेली माणसं आहेत. आपल्याकडे अशा जागा ट्रॉम्बेला आणि डहाणूला आहेत, समुद्राकाठी आणि शहरापर्यंत वाहिन्या पोचलेल्या. पुढच्या काही दशकांत तिथला कोळसा कधीतरी थांबेल. त्यानंतर त्या जमिनी विजेसाठीच राखायच्या, आधी बॅटऱ्यांना आणि मग जे येईल त्याला द्यायच्या, की मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनींसारख्या टॉवरांना सोडायच्या, हे फ्यूजनचा पहिला युनिट मिळण्याच्या कितीतरी आधी ठरवावं लागणार आहे.